५० वेळा नाणं उडवलं, ३१ छापे आले, चुकलं कोण?

नाशिकच्या सिडकोतल्या एका ताईंचा प्रश्न आहे. लेक दहावीला. संभाव्यतेच्या प्रकल्पासाठी तिने घरी रुपयाचं नाणं ५० वेळा उडवलं. ३१ छापे, १९ काटे. तिने वहीत 'प्रायोगिक संभाव्यता ३१/५०' असं लिहिलं. शाळेतून शेरा आला, 'उत्तर १/२ यायला हवे. प्रयोग पुन्हा करा.' आता लेक विचारते आहे : नाणं खोटं आहे, मी मोजायला चुकले, की पुस्तकातलं १/२ चूक आहे? ताई लिहितात, 'मी स्वतः कॉमर्सची, मला काही सांगता आलं नाही.'

ताई, नाणं ठीक आहे, मोजणी ठीक आहे आणि पुस्तकही ठीक आहे. प्रयोग पुन्हा करायची काहीच गरज नाही. मी २७ वर्षं सातपूरच्या एका कारखान्यात गुणवत्ता नियंत्रण विभागात काढली आणि तुमच्या लेकीला पडलेला प्रश्न आमच्यापुढे रोज सकाळी असायचा. कागदावर एक आकडा, टेबलावर दुसरा. दोन्हींत फरक दिसला की मशीन थांबवायचं की चालू ठेवायचं? म्हणून जरा सविस्तर लिहितो. तिलाही वाचायला द्या.

आधी त्या 'पुन्हा करा'बद्दल. नाणं अगदी चोख असलं, तरी ५० फेकांत बरोबर २५ छापे येण्याची संभाव्यता सुमारे ०.११२ आहे. म्हणजे शंभर मुलींनी मन लावून, खोटं न करता हा प्रयोग केला, तर जेमतेम अकरा जणींच्या वहीत १/२ उतरेल. उरलेल्या एकोणनव्वद जणींना पुन्हा करायला सांगितलं, तर त्या कंटाळून पंचवीस लिहून मोकळ्या होतील. गणिताच्या तासाला मुलं खोटा आकडा लिहायला शिकतात ती अशी. मला याचं मनापासून वाईट वाटतं, कारण हीच मुलं पुढे कारखान्यात, दवाखान्यात, बँकेत आकडे लिहिणार असतात.

आता मूळ मुद्दा. पुस्तकातली १/२ आणि वहीतली ३१/५०, या दोन संभाव्यता दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरं आहेत. सैद्धांतिक संभाव्यता काढायला नाणं हातात घ्यावंच लागत नाही. छापा आणि काटा अशा दोन निष्पत्ती आहेत, दोन्ही समसंभाव्य, म्हणजे सारख्याच शक्यतेच्या मानल्या, तर छाप्याची संभाव्यता १/२. या वाक्यात सगळं वजन 'तर' या एका शब्दावर आहे. पुस्तकात 'समसंभाव्य' हा शब्द येतो आणि मुलं तो वाचून पुढे जातात, पण ते गृहीतक आहे. ते खरं असेल तरच पुढचा भागाकार खरा. प्रायोगिक संभाव्यता असं काही गृहीत धरत नाही. इतक्या वेळा उडवलं, इतक्या वेळा छापा आला, एवढंच ती सांगते. ती घडून गेलेल्या गोष्टीची नोंद आहे, आणि नोंद कधी 'यायला हवी' अशी नसते. जी आली ती आली.

मग दोघांत फरक पडला की काय करायचं? विचारायचं एवढंच : इतका फरक निव्वळ योगायोगाने पडू शकतो का? याला एक सोपा हिशेब आहे, तो मी कारखान्यात नव्याने लागलेल्या प्रत्येक पोराला पहिल्याच दिवशी शिकवायचो. जितक्या वेळा उडवलं त्या संख्येचं वर्गमूळ काढा आणि १ ला त्याने भागा. छापा-काट्यासारख्या, निम्म्या-निम्म्या गोष्टीत शंभरातल्या साधारण ९५ वेळा तुमचं गुणोत्तर ०.५ पासून त्या अंतराच्या आतच राहतं. ५० चं वर्गमूळ ७.०७, म्हणजे अंतर ०.१४. तुमच्या लेकीचं गुणोत्तर ०.६२, फरक ०.१२. आत आहे. नेमकं सांगायचं तर २५ पासून सहा किंवा त्याहून जास्त घरं इकडे-तिकडे जाणं शंभरात बारा वेळा घडतं. पन्नास मुलांच्या वर्गात अशी पाच-सहा मुलं असणारच. यंदा त्यांत तिचा नंबर लागला, इतकंच.

हा हिशेब किती चोख बसतो, ते जुन्या प्रयोगांवर ताडून पाहता येतं. माणसांनी नाणी उडवण्यात खरोखर आयुष्याचे महिने घातलेत. अठराव्या शतकातल्या फ्रान्सच्या बुफाँ या निसर्गशास्त्रज्ञाने ४,०४० फेकांची नोंद ठेवली, छापे २,०४८. इंग्लंडचे संख्याशास्त्रज्ञ कार्ल पिअर्सन यांनी २४,००० वेळा नाणं उडवलं, छापे १२,०१२. मला सगळ्यांत भावते ती जॉन केरिक यांची गोष्ट. दक्षिण आफ्रिकेत गणित शिकवणारा हा माणूस १९४० साली सासरच्या मंडळींना भेटायला डेन्मार्कला गेला आणि जर्मन सैन्य तिथे शिरलं. हे अडकले, छावणीत डांबले गेले. तिथे वेळ घालवायला त्यांनी एक नाणं १०,००० वेळा उडवलं आणि प्रत्येक फेक लिहून ठेवली. छापे ५,०६७. गुणोत्तर ०.५०६७. आपला नियम म्हणतो, १०,००० चं वर्गमूळ १००, तर अंतर ०.०१ पर्यंत चालेल. फरक ०.००६७. आत. बुफाँ आणि पिअर्सनचे आकडेही लेकीला तपासायला सांगा, कॅल्क्युलेटरवर दोन मिनिटांचं काम आहे.

इथे एक गोष्ट जवळजवळ प्रत्येकाची चुकते, शिकलेल्या माणसांचीसुद्धा. 'फेका वाढल्या की प्रायोगिक आकडा सैद्धांतिक आकड्याजवळ जातो' हे वाक्य मुलं पाठ करतात आणि त्याचा अर्थ लावतात की सुरुवातीला छापे जास्त आले, तर पुढे काटे जास्त येऊन फिट्टंफाट होते. तसं होत नाही. नाण्याला मागचं काही आठवत नाही. तुमच्या लेकीकडे २५ च्या वर सहा छापे जास्त आहेत. समजा तिने आणखी ९५० वेळा उडवलं आणि त्यांत अगदी निम्मे, ४७५ छापे आले. एकूण ५०६ छापे, १,००० फेका. ते जास्तीचे सहा छापे कुठेही गेले नाहीत, तसेच आहेत. पण गुणोत्तर ०.६२ वरून ०.५०६ वर आलं. वरणात मीठ जास्त पडलं म्हणून आपण ते वेचून काढत नाही, पाणी आणि डाळ वाढवतो. मीठ तेवढंच राहतं, खारटपणा जातो.

उलट, मोजणीतला फरक तर सहसा फेकांबरोबर वाढत जातो. लेकीचा फरक ६ छाप्यांचा, केरिक यांचा ६७ छाप्यांचा. तरीही केरिक यांचं गुणोत्तर अर्ध्याच्या कितीतरी जवळ. फरक साधारण वर्गमूळाच्या वेगाने वाढतो आणि भागाकारातला छेद पूर्ण वेगाने, म्हणून गुणोत्तर आवळत जातं. स्वित्झर्लंडचे गणितज्ञ याकोब बर्नूली यांनी हे पहिल्यांदा सिद्ध केलं. त्यांचा ग्रंथ त्यांच्या मृत्यूनंतर आठ वर्षांनी, १७१३ साली छापला गेला. त्यांनी ३,००० पांढरे आणि २,००० काळे खडे भरलेल्या भांड्याचं उदाहरण घेतलं : एक खडा काढायचा, रंग लिहायचा, परत टाकायचा. पांढऱ्यांचं गुणोत्तर ३/५ च्या आसपास, २९/५० ते ३१/५० च्या दरम्यान आहे असं हजारास एक या खात्रीने म्हणायला किती वेळा काढावं लागेल? त्यांचं उत्तर २५,५५०. आजच्या गणिताने साडेसहा हजार पुरतात, पण प्रयोगातून आकडा पक्का करायला किती घाम गाळावा लागतो हे त्या माणसाने पहिल्यांदा मोजलं.

आपल्या देवळालीचे कापरेकर गुरुजी इथे आठवतात. दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर, शाळेत शिकवायचे आणि अंकांशी खेळायचे. कोणतीही चार अंकी संख्या घ्या, चारही अंक सारखे नसलेली. अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने लावा, मोठीतून छोटी वजा करा, पुन्हा तेच करा. फार तर सात पायऱ्यांत ६१७४ येते आणि एकदा आली की तिथेच राहते. लेकीला करून पाहू द्या, आणि मग नाण्याशी ताडून पाहू द्या. ६१७४ ला पोचणं म्हणजे मुक्कामाला पोचणं. छाप्यांचं गुणोत्तर मात्र १/२ ला कधी मुक्कामाला जात नाही. शंभराव्या फेकीला ते अगदी ०.५ असेल, तरी एकशे एकाव्या फेकीला ते तिथून हललेलंच असतं. ते फक्त जवळपास घुटमळतं, आणि घुटमळण्याचं अंगण लहान होत जातं. 'जवळ जाणे' या दोन शब्दांचे गणितात हे दोन वेगळे अर्थ आहेत आणि दोन्ही एकाच वहीत, घरच्या घरी दिसतात.

आणखी एक सांगतो, शिक्षकांनाही उपयोगी पडेल. वहीतला प्रयोग खरा आहे की बसल्या जागी लिहिलेला, हे ओळखता येतं. खोटं लिहिणारा एकसारखे चार-पाच छापे सलग लिहायला घाबरतो. छापा, काटा, काटा, छापा, असं 'मिसळून' लिहितो. खऱ्या ५० फेकांत एकाच बाजूची सलग पाच वेळा रांग लागण्याची संभाव्यता सुमारे ८२ टक्के आहे, आणि सलग सहाची निम्म्याहून थोडी जास्त. तुमच्या लेकीने क्रमाने नोंद ठेवली असेल, तर अशी रांग शोधा. सापडली, तर ती तिच्या प्रामाणिकपणाची खूण समजा.

आता दुसरी बाजू. 'फरक पडतोच, चालायचंच' असं म्हणून सगळंच सोडून द्यायचं का? नाही. म्हणून तर ते वर्गमूळ. इंग्लंडमधल्या वेल्डन नावाच्या प्राणिशास्त्रज्ञाने १८९४ च्या सुमारास बारा फासे एकदम टाकले, असं २६,३०६ वेळा. म्हणजे एकूण ३,१५,६७२ फासे. पाच किंवा सहा पडला तो मोजायचा. गृहीतकाप्रमाणे १/३, म्हणजे ०.३३३३ यायला हवं. आले १,०६,६०२, म्हणजे ०.३३७७. फरक पाहा, ०.००४४. तुमच्या लेकीचा फरक याच्या सत्तावीस पट मोठा! पण तीन लाखांवर फेकांत योगायोगाने चालणारा फरक साधारण ०.००१७ इतकाच. वेल्डनचा आकडा त्याच्या अडीच पट बाहेर. म्हणजे इथे योगायोगाला जागा नाही, गृहीतकच हललं : त्या फाशांच्या सहा बाजू समसंभाव्य नव्हत्या. बहुतेक कारण असं की ठिपके कोरून काढलेल्या फाशात सहा ठिपक्यांची बाजू सगळ्यांत हलकी होते आणि तिच्या समोरची एक ठिपक्याची सगळ्यांत जड; जड बाजू खाली बसते. पिअर्सन यांनी १९०० साली असे फरक पारखण्याची जी कसोटी मांडली, तिच्यासाठी याच फाशांचे आकडे वापरले. आम्ही कारखान्यात ती कसोटी शंभर वर्षांनंतरही वापरत होतो.

म्हणून ०.१२ चा फरक निर्दोष असू शकतो आणि ०.००४४ चा फरक दोषी. फरक केवढा, हे नुसतं पाहून काही कळत नाही. तो किती फेकांतून आला आहे ते सोबत पाहावं लागतं. माझ्या सगळ्या उत्तरात एकच ओळ लक्षात ठेवायची असेल, तर ही ठेवा.

(जाता जाता : नाणंही पूर्ण निरपराध नाही. अलीकडे काही संशोधकांनी मिळून ३,५०,७५७ वेळा नाणी उडवली. उडवताना जी बाजू वर होती, तीच वर पडण्याचं प्रमाण ५०.८ टक्के निघालं. छाप्याकडे ओढा नाही, सुरुवातीच्या बाजूकडे आहे. तो इतका बारीक आहे की ५० फेकांत तो दिसणं शक्यच नाही. पण साडेतीन लाख फेकांत नियमाची मर्यादा ०.००१७, फरक ०.००८. सापडला.)

मला हे कळलं ते पुस्तकातून नाही. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी एका पुरवठादाराकडून पितळी बुशांचा (यंत्रात बसवायच्या छोट्या नळकांड्यांचा) लॉट आला. करारात २ टक्के खराब माल चालेल असं होतं. मी ५० नग काढले, तीन खराब. माझ्या हिशेबाने ६ टक्के, करारापेक्षा तिप्पट. मी लॉट परत पाठवला आणि त्या माणसाला फोनवर बरंच बोललो. दुपारी आमच्या साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. टेबलावर मण्यांचा डबा होता, ९८० पांढरे, २० लाल. म्हणजे बरोबर २ टक्के. म्हणाले, न बघता ५० काढ, लाल मोज, परत टाक, हलव, पुन्हा काढ. संध्याकाळपर्यंत मी तेच करत बसलो. कधी एक, कधी शून्य, कधी दोन. अधूनमधून तीन, एकदा चार. डबा तोच, प्रमाण तेच. मग त्यांनी कागदावर मांडून दाखवलं : माल खरंच २ टक्के खराब असला, तरी शंभरातल्या सुमारे आठ वेळा ५० नगांत तीन किंवा जास्त खराब सापडतात. आणि सुमारे ३६ वेळा एकही सापडत नाही. ते छत्तीस मला जास्त लागले. कारण शून्य खराब सापडले की मी 'अव्वल माल' असा शेरा मारून लॉट आत घेत होतो, आणि ते लॉटही याच डब्यातले असू शकत होते. दुसऱ्या दिवशी मी त्या पुरवठादाराला फोन करून माफी मागितली आणि २०० नगांची तपासणी लावली. (वर्गमूळाचा तो सोपा नियम एवढ्या छोट्या टक्क्यांना लावू नका, तो फार सैल पडतो. तिथे असा थेट हिशेब करावा लागतो.)

लेकीचा पुढचा प्रश्न कदाचित असा असेल : सैद्धांतिक आकडा असताना प्रयोग करायचाच कशाला? तिला एक चिंचोका द्या. मधोमध फोडलेला, एक बाजू पांढरी सपाट, दुसरी तपकिरी फुगीर. तुमच्या-माझ्या आज्या अशाच चिंचोक्यांवर नाहीतर कवड्यांवर पट खेळायच्या. पांढरी बाजू वर पडण्याची संभाव्यता किती? बाजू दोन आहेत म्हणून १/२ म्हणाल, तर फसाल. दोन बाजू असणं वेगळं आणि त्या समसंभाव्य असणं वेगळं. इथे कुठलंही पुस्तक उत्तर देऊ शकत नाही. टाकून पाहणं हाच मार्ग, आणि दुसऱ्या चिंचोक्याचं उत्तर पुन्हा वेगळं.

आपल्या जिल्ह्यात हा चिंचोक्याचा प्रश्न दरवर्षी हजारो घरांत येतो, फक्त त्याला संभाव्यता असं कुणी म्हणत नाही. कांद्याचं उळं, म्हणजे बी. माझी सासुरवाडी निफाड तालुक्यातली. रोप टाकायच्या आधी मेहुणा पाकिटातलं थोडं बी ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवतो आणि किती उगवलं ते मोजतो. एक बी उगवेल का, याला छापा-काट्यासारखी सममिती नाही, इथे फक्त प्रायोगिक संभाव्यताच आहे. कांद्याच्या बियाण्याची उगवण मानकाप्रमाणे किमान ७० टक्के हवी. एका वर्षी त्याने २० बिया ठेवल्या, १२ उगवल्या. ६० टक्के. तो दुकानदाराशी भांडायला निघाला. मी म्हटलं, थांब. बियाणं खरंच ७० टक्क्यांचं असलं, तरी विसात बारा किंवा कमी उगवणं शंभरात तेवीस वेळा होतं. एवढ्यावर माणसावर आरोप करू नकोस. १०० बिया ठेव. शंभरांत जर साठ किंवा कमी उगवल्या, तर ते योगायोगाने शंभरात जेमतेम दोन वेळा होईल. टक्केवारी तीच ६०, पण विसातली ६० कुजबुज आहे आणि शंभरातली ६० साक्ष. प्रयोगशाळेत चारशे बिया तपासतात, शंभर-शंभरच्या चार गटांत, ते उगाच नाही. मेहुण्याने शंभर ठेवल्या, उगवण ठीक निघाली, रोप टाकलं.

एक अट मात्र प्रायोगिक संभाव्यतेलाही असते आणि ती पुस्तकात फारशी ठळकपणे येत नाही : प्रयोग दर वेळी त्याच परिस्थितीत व्हायला हवा. गोदावरीच्या पुराचं पाहा. गोदाकाठच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला पाणी कुठवर लागलं यावरून नाशिककर पूर मोजतात. १९६९, २००८, २०१९ चे पूर लोकांना तोंडपाठ आहेत. पण पुराची संभाव्यता जुन्या नोंदींवरून काढताना आपण धरून चालतो की नदी तीच आहे. ती तशी राहिलेली नाही. वर धरण आहे, काठावर काँक्रीट आहे, शहरात पाणी मुरायला माती कमी उरली आहे. हे म्हणजे अर्ध्यात नाणं बदलून मोजणी पुढे चालू ठेवण्यासारखं झालं. आणि 'शंभर वर्षांतून एकदा येणारा पूर' याचा अर्थ एकदा आला की ९९ वर्षं निश्चिंती असा नाही. दरवर्षी १ टक्का, एवढाच अर्थ. काठावरच्या घरात ३० वर्षं राहणाऱ्या माणसाच्या वाट्याला तो निदान एकदा येण्याची संभाव्यता २६ टक्के आहे.

प्रयोगाने सिद्धांताचे कान धरल्याचीही उदाहरणं आहेत, ती लेकीला नक्की आवडतील. गॅलिलिओच्या काळात इटलीत तीन फाशांचा जुगार चाले. तीन फाशांची बेरीज ९ सहा प्रकारांनी होते आणि १० सुद्धा सहा प्रकारांनीच : ९ साठी ६-२-१, ५-३-१, ५-२-२, ४-४-१, ४-३-२, ३-३-३ आणि १० साठी ६-३-१, ६-२-२, ५-४-१, ५-३-२, ४-४-२, ४-३-३. मग दोन्हींची संधी सारखी असायला हवी. पण खेळणाऱ्यांना अनुभवाने वाटत होतं की १० जरा जास्त पडतात. गॅलिलिओने उत्तर शोधलं. हे सहा प्रकार समसंभाव्य नाहीत. ६-३-१ हे तीन फाशांवर सहा रीतींनी पडू शकतं, ४-३-३ तीन रीतींनी, पण ३-३-३ एकाच रीतीने. रीती मोजल्या की २१६ पैकी ९ साठी २५ आणि १० साठी २७ येतात. इतका बारीक फरक पट्टीच्या खेळाडूंना जाणवावा याचं मला आजही नवल वाटतं.

तोच घोटाळा दोन नाण्यांत मुलं करतात. दोन छापे, दोन काटे, एक-एक, म्हणून प्रत्येकी १/३. मोठमोठी माणसं इथे घसरली आहेत. १७५४ साली फ्रान्सच्या विश्वकोशात द'आलाँबेर या नावाजलेल्या गणितज्ञाने लिहिलं की दोन फेकांत निदान एक छापा येण्याची संभाव्यता २/३. पहिल्या फेकीत छापा आला की खेळ संपला, म्हणून त्याने तीनच निष्पत्ती धरल्या आणि त्या समसंभाव्य मानल्या. खरं उत्तर ३/४. दोन नाणी १०० वेळा उडवा, हा वाद संध्याकाळच्या आत मिटतो : २/३ आणि ३/४ मधलं अंतर ०.०८, ते शंभरात बऱ्यापैकी दिसतं, दोनशेत स्पष्ट दिसतं. हा प्रयोग मी दहावीच्या प्रत्येक मुलाला करायला लावेन, एका नाण्याच्या प्रयोगापेक्षाही आधी.

आता परीक्षेचं. बोर्डाच्या पेपरात 'एक नाणे फेकले असता', 'एक फासा टाकला असता', 'पत्त्यांच्या कॅटमधून एक पत्ता काढला असता' असं आलं, तर सैद्धांतिक. नमुना अवकाश, म्हणजे सगळ्या शक्य निष्पत्तींची यादी लिहायची, घटनेतल्या निष्पत्ती मोजायच्या, भागायचं. तिथे घरचे ३१ छापे आणायचे नाहीत. 'इतक्या वेळा टाकले तेव्हा पुढीलप्रमाणे निष्पत्ती मिळाल्या' असा तक्ता दिला, तर तक्त्यातले आकडेच घ्यायचे, तिथे १/२ आणायचा नाही.

आणि वहीबद्दल. ते ३१ खोडू नका. त्याच पानावर खाली तिला तिच्या शब्दांत लिहू द्या : सैद्धांतिक संभाव्यता १/२, प्रायोगिक ३१/५०, फरक ०.१२, आणि ५० फेकांत ०.१४ पर्यंत फरक योगायोगाने पडू शकतो, म्हणून नाणं खोटं आहे असं म्हणायला पुरावा नाही. मग पान घेऊन बाईंना भेटा, भांडायला नव्हे, दाखवायला. एका बाईंच्या हाताखाली तीन-तीन वर्गांच्या वह्या असतात, शेरा घाईत पडला असेल. त्यांना विनंती करा की वर्गातल्या सगळ्यांच्या फेका एकत्र करू या. ४० मुलांच्या ५०-५०, म्हणजे २,०००. किती फेका करायच्या ते आधी ठरवायचं, मनासारखा आकडा आला म्हणून मध्येच थांबायचं नाही. नाणं हवेत उडवून तळहातावर झेलायचं, टेबलावर भिंगरीसारखं फिरवायचं नाही, कारण फिरवलेलं नाणं कडेच्या घडणीमुळे एका बाजूला झुकू शकतं. दर वेळी उडवताना वर असलेली बाजूही लिहायची. कुणाचीही वही 'बरोबर नाही' म्हणून वगळायची नाही, विशेषतः ३१ वाली. फळ्यावर एकेका मुलाचे आकडे मिळवत जा आणि दर वेळी आतापर्यंतचं गुणोत्तर आलेखावर मांडा. सुरुवातीला रेघ वेडीवाकडी उड्या मारेल, मग हळूहळू शांत होईल.

२,००० फेकांना नियम ०.०२२ चं अंतर देतो. म्हणजे छापे साधारण ९५५ ते १,०४५ च्या मध्ये यावेत. किती आले ते मला जरूर कळवा, बाहेर गेले असतील तर आधी कळवा.